पॉडकास्टमधला इतिहास आणि आजचा पॅलेस्टाइन

ऑक्टोबर 2023मध्ये गाझातलं युद्ध सुरू झालं आणि आठवडाभरात माझ्या फोनवर दोन प्रकारचे मेसेज येऊ लागले. नातेवाइकांच्या ग्रुपवर यायचं, ‘सारे मुसलमान एक होते, इंग्रज आणि यहुद्यांनी मिळून खिलाफत तोडली, त्याचे हे भोग.’ शिक्षकांच्या ग्रुपवर यायचं, ‘ते लोक हजारो वर्षं असेच लढताहेत, त्यांचा स्वभावच तसा.’ दोन्ही मेसेजांत एक तारीख नव्हती की एका माणसाचं नाव नव्हतं.

त्याच सुमारास वर्गात एका मुलाने विचारलं, “सर, हे भांडण नेमकं कधी सुरू झालं?” मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. बीएड झालेला, वीसेक वर्षं शिकवणारा माणूस. पण पहिलं महायुद्ध म्हणजे माझ्यासाठी कारणं, परिणाम आणि परीक्षेतली एक टीप एवढंच उरलं होतं.

मग मी ऐकायला सुरुवात केली. विल्यम डॅलरिम्पल आणि अनिता आनंद यांचा ‘एम्पायर’ नावाचा इंग्रजी पॉडकास्ट 2022पासून सुरू आहे. आधी भारतातली ब्रिटिश सत्ता आणि मग उस्मानी साम्राज्य, असा त्याचा क्रम आहे. माझं इंग्रजी बेताचं. एकेक भाग दोनदा ऐकावा लागला. पण जाता-येता बसमध्ये तो वेळ मिळत होता. पॉडकास्ट ऐकून ग्रंथालयात जायचं आणि ऐकलेलं पुस्तकात पडताळायचं, असा परिपाठ पडला. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो.

सगळ्यात आधी क्रम लागला. 1915च्या ऑक्टोबरमध्ये इजिप्तमधले ब्रिटिश उच्चायुक्त हेन्री मॅकमहोन यांनी मक्केचे शरीफ हुसेन यांना पत्र लिहिलं. तुर्कांविरुद्ध उठा, अरबांच्या स्वातंत्र्याला आम्ही मान्यता देऊ, असा त्याचा आशय. काही प्रदेश त्यातून वगळले होते. पॅलेस्टाइन त्यात येतो की नाही, यावर पुढे कित्येक वर्षं वाद झाला. 1916च्या मे महिन्यात ब्रिटन आणि फ्रान्सने हाच मुलूख आपसात वाटून घेण्याचा गुप्त करार केला, तो साइक्स-पिको करार. आणि 2 नोव्हेंबर 1917 रोजी परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांनी लॉर्ड रॉथशिल्ड यांना पत्र लिहून पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या ‘राष्ट्रीय निवासा’ला पाठिंबा दिला. ते जाहीर निवेदन अवघ्या 67 शब्दांचं. तेव्हा तिथल्या दर दहा माणसांत साधारण नऊ अरब होते. त्या 67 शब्दांत ‘अरब’ हा शब्दच नाही. ‘ज्यू नसलेले समाज’ असा त्यांचा उल्लेख आहे. त्यांच्या नागरी आणि धार्मिक हक्कांची हमी आहे, राजकीय हक्कांची नाही.

म्हणजे भांडण ‘हजारो वर्षांचं’ नाही. आज ज्या रूपात ते दिसतं, त्याची कागदपत्रं जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांची आहेत. शिक्षकांच्या ग्रुपवरचा मेसेज इथे निकालात निघाला.

पण नातेवाइकांच्या ग्रुपवरचा मेसेजही टिकला नाही. हे आपल्याला जास्त जड जातं, म्हणून सावकाश सांगतो.

जून 1916मध्ये खलिफाविरुद्ध बंड केलं ते मक्केच्या शरीफने. तो मुसलमान होता आणि हरमैनचा रखवालदार होता. खलिफाच्या फौजेशी इराकमध्ये लढायला गेलेल्या ब्रिटिश सैन्याची पहिली मोठी तुकडी होती सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणी होत्या, तसेच मुसलमान शिपाईही. 29 एप्रिल 1916 रोजी कुत-अल-अमारा इथे सुमारे तेरा हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. त्यांतले बरेच परतले नाहीत. दुसरीकडे, फेब्रुवारी 1915मध्ये सिंगापुरात पाचव्या लाइट इन्फंट्रीतल्या मुसलमान शिपायांनी उठाव केला. आपल्याला तुर्कांविरुद्ध लढायला नेणार, अशी अफवा त्यांच्यात पसरली होती. चाळीसहून अधिक जणांना गोळ्या घातल्या गेल्या. एकाच कौमची माणसं, पण कुणी खलिफाविरुद्ध लढलं, तर कुणी त्याच्यासाठी मेलं. आणि शेवटी 3 मार्च 1924 रोजी खिलाफत रद्द केली ती तुर्कांच्याच संसदेने.

‘सारे मुसलमान एक होते’ या वाक्यात यांतलं काय बसतं?

आता दुसरी बाजू. ‘सगळे यहुदी’ तरी एक होते का? एडविन मॉन्टेग्यू हे नाव आपल्या मुलांना ठाऊक असतं. 1919च्या मॉन्टेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा पाठ करूनच आपण सगळे पास झालो. पण हे भारतमंत्री मॉन्टेग्यू स्वतः ज्यू होते, त्या वेळच्या ब्रिटिश मंत्रिमंडळातले एकमेव ज्यू, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. 20 ऑगस्ट 1917 रोजी त्यांनी भारताला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. तीनच दिवसांनी, 23 ऑगस्टला, त्यांनी आपल्याच सरकारला एक टिपण दिलं. ज्यूंसाठी पॅलेस्टाइनमध्ये वेगळं राष्ट्र करणं म्हणजे बाकी देशांतल्या ज्यूंना परकं ठरवणं, हे धोरण ज्यूद्वेषालाच बळ देईल, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचं कुणी ऐकलं नाही. बाल्फोर यांचं पत्र निघालं तेव्हा मॉन्टेग्यू भारताच्या वाटेवर होते.

इथपर्यंत येऊन मी थांबलो नाही, ते बरं झालं. मार्च 1922मध्ये मॉन्टेग्यू यांना मंत्रिपद सोडावं लागलं. कशासाठी? तुर्कस्तानवर लादलेल्या तहाच्या अटी बदला, भारतातले मुसलमान अस्वस्थ आहेत, अशी तार भारत सरकारने लंडनला केली होती. मंत्रिमंडळाला न विचारता ती प्रसिद्ध करू दिली, हा त्यांचा गुन्हा. एका ज्यू मंत्र्याची खुर्ची भारतीय मुसलमानांच्या भावना जगापुढे मांडल्यामुळे गेली! भायखळ्याच्या खिलाफत हाऊसवरून ईदच्या जुलूसमध्ये आपली हजारो माणसं जातात. त्यांतल्या किती जणांना हे माहीत असेल? मलाही नव्हतं. कोकणात ‘शनवार तेली’ म्हणून पिढ्यान्पिढ्या मुसलमानांच्या शेजारी राहिलेले मराठी बोलणारे बेने इस्रायलीही आपण विसरलो आहोत.

मग यातून आजच्या राजकारणाबद्दल काय कळतं? गाझात मरणाऱ्या लेकरांचं दुःख यामुळे कमी होत नाही, आणि जुलमाला जुलूम म्हणायचं आपण सोडायचं नाही. पण बोट कुठे ठेवायचं ते कळतं. एका साम्राज्याने एकाच जमिनीबद्दल तिघांना तीन शब्द दिले आणि तिथे राहणाऱ्यांना विचारलं नाही. दोष त्या धोरणाचा, ते राबवणाऱ्यांचा आणि आजही चालवणाऱ्यांचा आहे. तो एखाद्या धर्मात जन्मलेल्या प्रत्येक माणसाचा नाही. हे वाक्य आपण यहुद्यांबद्दल बोलताना विसरलो, तर औरंगजेबाचा हिशेब आपल्या मुलांकडे मागणाऱ्यांना कोणत्या तोंडाने उत्तर देणार?

पॉडकास्टमुळे हे सगळं आपोआप होतं, असं मात्र नाही. कानात बोलणारा आवाज ओळखीचा होतो आणि ओळखीच्या माणसावर आपण चटकन विश्वास ठेवतो. अमेरिकेतले डॅरिल कूपर यांनी ‘मार्टिर मेड’ या पॉडकास्टमध्ये ज्यू-अरब संघर्षाच्या सुरुवातीवर कित्येक तासांची मालिका केली, ती खूप ऐकली गेली. सप्टेंबर 2024मध्ये याच गृहस्थांनी एका मुलाखतीत दुसऱ्या महायुद्धाचे मुख्य खलनायक म्हणून चर्चिल यांना उभं केलं. इतिहासकारांनी त्यांच्या चुका दाखवून दिल्या. बंगालच्या दुष्काळामुळे आपल्याला चर्चिल आवडत नाहीत, हे खरं; पण म्हणून हिटलरचा गुन्हा हलका होत नाही. आपल्याला हवं ते सांगणारा आवाज आला की तेव्हाच कान टवकारावेत.

म्हणून मी एक साधी कसोटी ठेवली आहे. सांगणारा तारीख देतो का? कागद कुठला ते सांगतो का? आणि तासाभरात माझ्या बाजूची एक तरी अडचणीची गोष्ट ऐकवतो का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर तो लांबलेला व्हॉट्सॲप फॉरवर्डच समजायचा.

त्या मुलाला मी नंतर उत्तर दिलं. फळ्यावर तीन तारखा लिहिल्या, 1915, 1916, 1917, आणि बाजूला मॉन्टेग्यू यांचं नाव. तो म्हणाला, “म्हणजे सर, आपल्या पुस्तकातलेच हे?” होय, तेच.