एका प्रकाशबिंदूचा इतिहास

घरोघरीं जाडजूड पेटीसारखे दूरदर्शन-संच होते, त्या काळांत त्यांच्या पडद्यावर संपूर्ण चित्र एका क्षणीं कधींच नसे, असें म्हटल्यास वाचकांस विनोद वाटेल; परंतु वस्तुस्थिति तशीच होती. पडद्यावर धांवे तो एक प्रकाशबिंदु. चित्र जुळवी तो आपला डोळा.

या बिंदूचा जन्म १८९७ सालीं, त्या वेळीं जर्मन अंमलाखालीं असलेल्या स्ट्रासबुर्ग शहरीं झाला. तेथील प्राध्यापक फर्डिनांड ब्राऊन यांस चित्रें दाखवावयाचीं नव्हतीं. उलटसुलट वाहणारी वीज क्षणोक्षणीं कशी बदलते, तें पाहावयाचें होतें. मापनयंत्राचा कांटा कितीहि हलका केला तरी त्यास वजन हें असतेंच. इतक्या जलद बदलामागें तो धांवूं शकत नाहीं. म्हणून ब्राऊन यांनीं किरणांचाच कांटा केला. हवा काढून घेतलेल्या कांचेच्या नळींत ऋणाग्रापासून निघणारे किरण बारीक छिद्रांतून पलीकडच्या लेप दिलेल्या पडद्यावर आदळले, कीं तेथें प्रकाशाचा ठिपका उमटे. आणि नळीजवळच्या तारेच्या वेटोळ्यांतून वीज सोडली, कीं तिच्या चुंबकशक्तीनें तो सरके. हे किरण परमाणूहूनहि सूक्ष्म अशा विद्युत्कणांचे आहेत, हें केंब्रिजच्या जे. जे. टॉमसन यांनीं त्याच वर्षीं प्रतिपादिलें.

ही नळी चित्रांसाठीं वापरण्याची योजना सेंट पीटर्सबर्गच्या बोरिस रोझिंग यांनीं १९०७ सालीं मांडली. ठिपका ओळीमागून ओळ ओढीत न्यावा व जागोजागीं त्याचें तेज कमीअधिक करावें; पहिल्या ओळीचा ठसा दृष्टीवरून पुसण्यापूर्वीं शेवटची ओळ पुरी झाली, कीं चित्र सिद्ध! १९११ सालीं त्यांनीं साध्या आकृति दाखविल्या. मुंबईंत १९७२ सालीं दूरदर्शन सुरू झालें, तेव्हां हाच ठिपका ६२५ ओळींचीं २५ चित्रें दर सेकंदास काढीत होता.

ब्राऊन यांस १९०९ सालीं मार्कोनींच्या बरोबरीनें नोबेल पारितोषिक मिळालें. पण तें बिनतारी संदेशवहनासाठीं, नळीसाठीं नव्हे. पहिल्या महायुद्धांत एका दाव्यांत साक्ष देण्यास ते अमेरिकेस गेले व तेथेंच अडकून १९१८ सालीं वारले. रोझिंग यांस १९३१ सालीं हद्दपार करण्यांत आलें. दोन वर्षांनीं दूरच्या अर्खांगेल्स्क येथें त्यांचा अंत झाला. त्यांचे शिष्य झ्वोरिकिन यांनीं अमेरिकेंत ती नळी घरांत ठेवण्याजोगी केली. आतां सपाट पडद्यांपुढें तीहि मागें पडली आहे. ज्यांनीं तो ठिपका प्रथम हालविला, त्या दोघांनाहि घरोघरचें चित्र पाहावयास मिळालें नाहीं, एवढें तरी आपण स्मरणांत ठेवावें.