समुद्र नसलेल्या जिल्ह्यातली होडी

आठ-दहा जणांनी मिळून एक बोट भाड्याने घ्यायची, खोल पाण्यात नांगर टाकायचा, गळाला शिसं बांधून तो थेट तळाशी सोडायचा आणि वाट बघत बसायचं. कोकणात सुट्टीच्या दिवसासाठी हा छंद एकदम मस्त. आता हेच चित्र बुलढाणा जिल्ह्यात नेऊन बघा. तिथे समुद्र नाही, पण होडी आहे. ती सामायिकच आहे आणि तळाचा मासाही आहे. फक्त तिथे हा छंद नाही, पोटाचा धंदा आहे.

थोडा इतिहास बघू. जिल्ह्याच्या उत्तरेची पूर्णा तापीला मिळून अरबी समुद्राकडे जाते. पैनगंगा आणि खडकपूर्णेचं पाणी गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागरात. नदीकाठचे भोई पूर्वी पालख्या वाहायचे आणि नदीच्या डोहांत मासे धरायचे. पावसाळ्यात पूर आला की मासे प्रवाहाविरुद्ध चढायचे, अंडी घालायचे. नदीत मासा कुणी आणून सोडावा लागत नव्हता.

मग धरणं आली. नळगंगा, पेनटाकळी, खडकपूर्णा. पाणी भरपूर साठलं. पण गंमत अशी की कटला, रोहू, मृगळ हे धरणात सोडले जाणारे मुख्य मासे साठलेल्या पाण्यात वाढतात, प्रजनन मात्र करत नाहीत. त्यांना वाहतं, पुराचं पाणी लागतं. म्हणजे बी दरवर्षी बाहेरून आणायचं. हे मासे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. एकेकाळी बंगालच्या नद्यांतून गोळा केलेलं मत्स्यबीज हावड्याहून मडक्यांत भरून रेल्वेने देशभर जायचं. त्यात नको ते शिकारी मासेही मिसळलेले असायचे.

हे बदललं १० जुलै १९५७ ला. ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी एका माशाच्या पियुष ग्रंथीचा अर्क दुसऱ्या माशाला टोचून कार्प माशांचं प्रजनन घडवून आणलं. पुराची वाट बघायची गरज संपली. या तारखेलाच आपण राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळतो.

आता धरणातली विभागणी बघा. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो पृष्ठभागाजवळ खातो. रोहू मधल्या थरात. मृगळाचं तोंड खाली, तो तळाचा गाळ चिवडतो. आमच्या भाषेत सांगायचं तर एकाच सर्व्हरवर तीन ॲप्लिकेशन्स, कुणी कुणाच्या मेमरीत हात घालत नाही! जाळंही त्याप्रमाणेच लावतात. वजन वाढवलं की ते तळाला बसतं, तरंगते जास्त लावले की वर राहतं. संध्याकाळी लावायचं, पहाटे ओढायचं.

तर मुद्दा असा, की वाटणी माशांमध्ये चोख आहे, माणसांमध्ये नाही. धरणातली मासेमारी सहकारी संस्थांना ठेक्याने मिळते. ठेक्याची रक्कम भरायची, बोटुकली विकत घ्यायची, मग पाण्यात सोडायची. पण दरवाज्याची चावी पाटबंधारे खात्याकडे. पिण्याचं पाणी आधी, मग शेती, उद्योग. ते योग्यच आहे. मात्र दुष्काळात धरण तळाला गेलं की बी वाया, आणि अतिवृष्टीत सांडव्यावरून पाणी सुटलं की मासा थेट पुढच्या जिल्ह्यात! पाण्यात सगळे वाटेकरी, माशाच्या तोट्यात भोई एकटा.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. कर्ज, विमा, वीजदर यांत शेतकऱ्यासारख्या सवलती मिळाव्यात हा हेतू. स्वागतच आहे. पण शेतकऱ्याच्या नावावर निदान सातबारा तरी असतो. ज्या पाण्यावर भोई जाळं टाकतो, त्यावर त्याच्याकडे फक्त संस्थेच्या नावाचा, मुदतीचा एक कागद असतो. विमा काढायचाच असेल, तर तो आधी त्या तळाच्या मृगळाचा निघायला हवा.