दोघींची साक्ष

श्रावणात दाढीला वस्तरा न लावणारी मंडळी आपल्या घरोघर असत. त्यामुळे मुसलमानांतला असाच एक नियम वाचनात आला, तेव्हा मला तो परका वाटला नाही. पण त्यामागचा वाद मात्र नवा होता.

जिल्हेजचा चंद्र दिसल्यापासून ईदची कुर्बानी होईपर्यंत, ज्याला कुर्बानी द्यायची आहे त्याने आपले केस व नखे कापू नयेत, असे पैगंबरांनी सांगितल्याची साक्ष त्यांच्या पत्नी उम्मे सलमा ह्यांची. दुसऱ्या पत्नी आयेशा ह्यांची साक्ष निराळी : मक्केला बळीसाठी धाडायच्या जनावरांच्या माळा मी स्वतः वळल्या, पैगंबर मदीनेतच राहिले आणि यात्रेकरूला वर्ज्य असलेले काहीच त्यांनी वर्ज्य मानले नाही.

आता मानायचे कोणाचे? बगदादचे इमाम अहमद बिन हंबल (मृत्यू इ. स. ८५५) ह्यांनी उम्मे सलमांचा शब्द बंधनकारक धरला, ती साक्ष नेमकी केस-नखांची, आयेशांची सर्वसाधारण, असे त्यांचे अनुयायी म्हणत. इमाम शाफई (मृत्यू ८२०) ह्यांनी दोन्ही सांधल्या : न कापणे चांगले, पण कापल्यास पाप नाही. आपल्या कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफईच.

दोन्ही इमामांची वाट निराळी. पण दोघींपैकी एकीलाही त्यांनी खोटे ठरविले नाही. नखाएवढ्या प्रश्नात दोन स्त्रियांच्या शब्दाला एवढे वजन मिळाले, हे मला नियमाहून मोठे वाटते.