सहा निघाले, तीन परतले

कांदिवलीला आमच्या घरापासून दोन हाकांच्या अंतरावरून जो मोठा रस्ता जातो, त्याला आज स्वामी विवेकानंदांचे नाव आहे. पण जुनी माणसे अजून त्याला घोडबंदर रोडच म्हणतात. पहाटे पाववाल्यांच्या सायकली याच रस्त्याने जातात. त्यांच्या घंटीने मला जाग येते आणि दर वेळी ती सहा पोरे आठवतात. परवा इतिहासाच्या तासाला, पाठ्यपुस्तकात नसलेली ती हकीकत मी वर्गात सांगितली.

१९२३ सालची गोष्ट. बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबात व्यायाम करणारे सहा पारशी तरुण. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भूमगारा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला आणि नरिमन कापडिया. एकालाही अजून तिशी गाठायची होती. १५ ऑक्टोबरला त्यांनी सायकलींवर टांग मारली ती पृथ्वीप्रदक्षिणेसाठी! पाठीशी ना सरकार, ना संस्थानिक. पंजाबातून बलुचिस्तान, तेथून इराण, मग इराक. बगदादच्या पुढे वाळवंट लागले. वाळूत सायकल माणसाला नेत नाही, माणूस सायकलीला नेतो. चाक रुतते, साखळीत रेती जाते, आणि प्यायचे पाणी पाठीवर असते तेवढेच. बगदाद ते अलेप्पो हे ९५६ किलोमीटर त्यांनी २३ दिवसांत तोडले. दिवसाला सरासरी एक्केचाळीस-बेचाळीस किलोमीटर. चांगल्या सडकेवर एवढे अंतर धडधाकट माणूस दुपारच्या जेवणापूर्वी कापील. तिथे त्याला सबंध दिवस लागला, यावरून वाट कशी होती ते समजावे.

पुढे इटली, आल्प्सचे घाट, इंग्लंड. मग आगबोटीने अमेरिका, आणि ती या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत. नंतर जपान, कोरिया, चीन, सयाम, ब्रह्मदेश. १८ मार्च १९२८ रोजी ते मुंबईस परतले तेव्हा सुमारे ७१,००० किलोमीटर झाले होते, म्हणजे पृथ्वीच्या घेराच्या जवळजवळ पावणेदोन पट. या प्रवासाच्या पुस्तकाला पुढे जवाहरलाल नेहरूंनी प्रस्तावना लिहिली.

एवढे सांगून मी फळ्यावर लिहिले : हकीम, बापासोला, भूमगारा. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "सर, निघाले सहा. हे तीनच. बाकीचे तिघे कुठं गेले?"

प्रश्न बिनचूक होता. नरिमन कापडिया घरच्या कारणाने तेहरानहून मागे फिरला. गुस्ताद हाथीरामने अमेरिकेतच राहायचे ठरवले, आणि त्याच्या जाण्याने मन उडालेला केकी पोचखानावाला न्यूयॉर्कहून घरी आला. वाचकहो, पाहा हं, या तिघांपैकी एकालाही वाळवंटाने हरवले नाही! बगदाद-अलेप्पोची वाळू तुडवून गेलेले दोघे गळले ते अमेरिकेसारख्या सुखवस्तू मुलखात.

मुलांना मी एवढेच सांगितले. त्या प्रश्नाने माझ्यापुरती जी जुनी जखम उघडी केली, ती मात्र वर्गात सांगण्यासारखी नव्हती.

विशीत असताना मी आणि माझा एक मित्र कांदिवलीहून सायकलींवर जव्हारला निघालो होतो. हा मित्र मुलखाचा विक्षिप्त. त्याच्या हँडलला तीन घंट्या : एक माणसांसाठी, एक गुरांसाठी आणि तिसरी रानातल्या भुतांसाठी. सायकलीला तेल पाजल्याखेरीज स्वतः चहा पीत नसे. वाटेतल्या प्रत्येक किलोमीटरच्या दगडापाशी उतरून त्याला रामराम घाली. पहिले दहा दगड मी हसलो, पुढचे दहा गप्प राहिलो. मनोरला माझा तोल सुटला. नको ते बोललो, सायकल एका टेम्पोत टाकली आणि घरी आलो. पुढे विक्रमगडचे रान आणि जव्हारचा घाट तो एकट्याने चढला. परत आल्यावर एका शब्दाने बोलला नाही. मीही बोललो नाही. पायांत जोर होता. सोबत सोसायचा जोर नव्हता.

म्हणूनच की काय, मला त्या सहांपेक्षाही फ्रामरोझ दावर अधिक थोर वाटतो. हाही मुंबईचाच पारशी, पेशाने क्रीडा-पत्रकार. १९२४ साली तो एकटाच निघाला आणि सुमारे ५,००० किलोमीटर तुडवून व्हिएन्नाला पोचला. तिथे त्याला गुस्ताव श्टावयानिक नावाचा ऑस्ट्रियन सायकलस्वार भेटला. दोघांची भाषा निराळी, धर्म निराळा, ताटातले अन्न निराळे. १९१८ पर्यंत चाललेल्या महायुद्धात दावरवर राज्य करणारे इंग्रज आणि श्टावयानिकचा देश एकमेकांचे वैरी होते. आणि हे दोघे बरोबर निघाले! सहारा, अँडीज, ॲमेझॉनचे अरण्य, सगळे बरोबर. एकूण ५२ देश आणि सुमारे १,१०,००० किलोमीटर. प्रवास संपला १९३१ साली. सात वर्षे! एकमेकांच्या लकबींचा दोघांनाही वीट आला नसेल काय? आलाच असेल. पण सहारात एकाची सायकल रुतली तर ढकलायला दुसऱ्याखेरीज कोण होते?

१९३३ साली केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ हे आणखी तिघे मुंबईकर निघाले. ८४,००० किलोमीटर करून १९४२ साली ते आले, तो जग दुसऱ्या महायुद्धात होरपळत होते. या सर्वांच्या आकड्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु इतिहास किलोमीटर मोजतो. रात्री चुलीपाशी गिळलेले शब्द मोजत नाही. माझ्या मते खरे अरण्य तेच, आणि ते ओलांडले म्हणूनच सहारा ओलांडता आला.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मित्राच्या घरी गेलो. इतक्या वर्षांनी म्हटले, "मनोरला माझं चुकलं."

त्याने क्षणभर पाहिले. मग म्हणाला, "दिवाळीच्या सुटीत मोकळा आहेस का? पण सांगून ठेवतो, दगड आता वाढलेत."

मी सायकल दुरुस्तीला टाकली आहे.