प्लॅटिनमला पर्याय लोखंडाचा आणि कार्बनचा

नांदेड / लातूर : हायड्रोजन आणि हवेतील ऑक्सिजन यांच्या संयोगातून थेट वीज निर्माण करणारा इंधनघट (फ्युएल सेल) धूर सोडत नाही. त्यातून बाहेर पडते ते केवळ पाणी आणि उष्णता. वीज गेली की डिझेल जनित्राकडे वळणाऱ्या नांदेड, लातूरमधील रुग्णालयांना आणि मोबाइल मनोऱ्यांना असा घट उपयोगी पडू शकेल. पण आड येते ती किंमत. तिच्या प्रमुख कारणांपैकी एक म्हणजे प्लॅटिनम. जगातील खाणींतून निघणाऱ्या या धातूचा बहुतांश वाटा एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येतो आणि भारताला तो आयात करावा लागतो.

प्लॅटिनम कशासाठी?

ब्रिटनमध्ये विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ मध्ये प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड वापरूनच या तत्त्वाचा प्रयोग केला होता. घटाच्या एका बाजूला हायड्रोजनचे विघटन होते, तर दुसऱ्या बाजूला ऑक्सिजनपासून पाणी तयार होते. पहिली क्रिया झपाट्याने घडते. दुसरी अत्यंत मंद असते. तिला वेग देण्यासाठीच बहुतांश प्लॅटिनम खर्ची पडते. म्हणून पर्यायाचा शोध मुख्यत्वे ऑक्सिजनच्या बाजूने सुरू आहे.

पर्याय कोणते?

पहिला पर्याय निकेलचा. फ्रान्सिस बेकन यांच्या अल्कलीयुक्त घटात निकेलचे इलेक्ट्रोड होते आणि त्याच धर्तीचे घट अपोलो यानांत वापरले गेले. परंतु हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे अल्कलीचे कार्बोनेट बनते. त्यामुळे अशा घटाला शुद्ध ऑक्सिजन किंवा कार्बन डायऑक्साइड काढून टाकलेली हवा पुरवावी लागते.

आम्लधर्मी पटलाच्या घटांत निकेल टिकत नाही. तेथे लोह, नायट्रोजन आणि कार्बन यांचा उत्प्रेरक आघाडीवर आहे. लोहाचा अणू चार नायट्रोजन अणूंनी वेढलेला असतो. रक्तातील हिमोग्लोबिनमध्येही लोहाची अशीच मांडणी आढळते. या वर्गातील संयुगे ऑक्सिजनवर क्रिया घडवतात, हे १९६४ मध्ये कोबाल्टच्या एका संयुगावरून दिसून आले. कॅनडातील झां-पोल दोदले यांच्या गटाने २००९ मध्ये लोहाच्या उत्प्रेरकाची कार्यक्षमता प्लॅटिनमच्या जवळ नेली. पुढे २०१७ मध्ये कॅनडाच्या बॅलार्ड कंपनीने जपानच्या निशिनबो कंपनीच्या साहाय्याने ३० वॉटचा लहान घट जाहीर केला. त्यात ऑक्सिजनच्या बाजूला मौल्यवान धातू नव्हता.

अडचण टिकाऊपणाची

आजची खरी अडचण वेगाची नसून आयुष्याची आहे. क्रियेत अल्प प्रमाणात तयार होणारे हायड्रोजन पेरॉक्साइड लोहाच्या संपर्कात येऊन कार्बनची आणि पटलाची झीज करते. लोहही हळूहळू विरघळते. मोटारीच्या घटाला हजारो तास चालावे लागते. तेथे प्लॅटिनमच अधिक भरवशाचे ठरते.

महाराष्ट्रातील प्रयत्न

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) डॉ. श्रीकुमार कुरुंगोट यांच्या गटाने नायट्रोजनयुक्त कार्बन आणि ग्राफीन यांवर आधारित उत्प्रेरकांवर दीर्घकाळ संशोधन केले आहे. याच प्रयोगशाळेच्या सहभागातून विकसित झालेल्या इंधनघटावर केपीआयटी कंपनीने २०२० मध्ये मोटारीची चाचणी घेतली. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यातच हायड्रोजनवरील बसचे अनावरण झाले.

मराठवाड्याचा संबंध

नायट्रोजनयुक्त कार्बन शेतमालापासूनही मिळू शकतो. अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेने २०१३ मध्ये दळलेले सोयाबीन आणि मॉलिब्डेनम यांपासून प्लॅटिनमला पर्याय ठरू शकणारा उत्प्रेरक तयार केला. तो इंधनघटासाठी नव्हे, तर पाण्यापासून हायड्रोजन मिळवण्यासाठी होता. सोयाबीनमधील प्रथिनांतून त्याला नायट्रोजन मिळाला. लातूर ही सोयाबीनची मोठी बाजारपेठ. दोन्ही जिल्ह्यांत साखर कारखान्यांमुळे उसाचा बगॅसही उपलब्ध आहे. बगॅस हवाबंद भट्टीत तापवून सच्छिद्र कार्बन बनवता येतो.

यामुळे सोयाबीनचा भाव वाढेल, असे मात्र समजू नये. उत्प्रेरकाला लागणारा कार्बन अत्यल्प असतो. लाभ आहे तो संशोधनात. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठासारख्या संस्थांतील विद्यार्थ्यांना स्थानिक कच्च्या मालावर काम करण्यास येथे वाव आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेला मंजुरी दिली. हायड्रोजन देशात बनला, तरी प्लॅटिनम परदेशातून आणावे लागले, तर स्वावलंबन अपुरेच राहील.