हातमोजेवाल्याचा मुलगा

महादेवशास्त्री कोल्हटकरांनीं १८६७ सालीं ‘ऑथेल्लो’ मराठींत आणलें, तेव्हांपासून शेक्सपिअर महाराष्ट्राला परका राहिलेला नाहीं. आगरकरांच्या ‘विकारविलसिता’नें व देवलांच्या ‘झुंझाररावा’नें तो परिचय अधिकच दृढ केला. पण ज्या बापाच्या घरांत हा कवि वाढला, त्या जॉन शेक्सपिअरची हकीकत इकडे सहसा कोणी सांगत नाहीं. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशननें २००३ सालीं ‘इन सर्च ऑफ शेक्सपिअर’ हा चार भागांचा माहितीपट दूरचित्रवाणीवर दाखविला. इतिहासकार मायकेल वूड यांनीं त्यांत जुन्या दप्तरांचा माग काढीत कवीचा काळ उभा केला आणि त्याच्या घराण्याच्या सुखदुःखांना मोठें स्थान दिलें, हें उचितच झालें. कवीच्या हातचें एकहि पत्र शिल्लक नाहीं. बापाचीं पावलें मात्र दंड, खटले आणि हिशेब यांच्या कागदांवर स्वच्छ उमटलेलीं आहेत.

त्यांतली पहिली नोंद मोठी गमतीची आहे. १५५२ च्या एप्रिलांत स्ट्रॅटफर्ड येथील हेन्ली स्ट्रीटवर उकिरडा केल्याबद्दल जॉनला एक शिलिंग दंड झाला! जवळच्या खेड्यांतून आलेला हा शेतकऱ्याचा मुलगा कातडें कमावून हातमोजे शिवीत असे. ज्या जमीनदाराची जमीन त्याचा बाप कसत होता, त्याचीच मुलगी मेरी आर्डन त्यानें पत्नी म्हणून घरीं आणली. गांवच्या कारभारांत एकेक पायरी चढत तो १५६८ सालीं बेलिफ, म्हणजे नगराचा मुख्याधिकारी झाला. त्या वेळीं त्याचा विल्यम चार वर्षांचा होता.

परंतु तो काळ साधा नव्हता. एलिझाबेथ राणी गादीवर आल्यावर जुना कॅथलिक पंथ राज्यांतून उखडून काढण्याचें काम सुरू झालें. स्ट्रॅटफर्डच्या गिल्ड चॅपेलमध्यें अंतिम न्यायदिनाचें एक भव्य भित्तिचित्र होतें. त्या चॅपेलमधील प्रतिमा विद्रूप करण्यासाठीं दोन शिलिंग खर्ची पडल्याची नोंद १५६४ च्या जानेवारींत सादर झालेल्या हिशेबांत आहे. आणि त्या काळीं नगराचे हिशेब पाहणाऱ्यांत जॉन शेक्सपिअर होता. हें काम त्यानें आनंदानें केलें कीं नाइलाजानें, हें कागद सांगत नाहीं. चित्र खरवडून न काढतां त्यावर चुना फांसण्यांत आला, आणि त्या चुन्यानेंच तें राखलें. १८०४ सालीं तें पुन्हां उजेडांत आलें. हिशेब सादर झाल्यावर तीन महिन्यांनीं, २६ एप्रिलला, विल्यमचा बाप्तिस्मा झाला.

पुढें जॉनचे दिवस फिरले. परवाना नसतां लोंकर खरेदी करणें हा तेव्हां गुन्हा होता व सांगितलेलें सिद्ध झाल्यास दंडाचा वांटा खबऱ्याला मिळे. १५७२ सालीं जॉनवर एकंदर तीनशें टॉड, म्हणजे आठ हजार चारशें पौंड वजनाची लोंकर बेकायदा घेतल्याचे आरोप आले. त्यापूर्वीं व्याजबट्ट्याबद्दलहि त्याला न्यायालयांत ओढण्यांत आलें होतें. १५७७ पासून त्यानें नगरसभेंत जाणें जवळजवळ सोडलें. १५७८ सालीं पत्नीची विल्मकोट येथील वडिलार्जित जमीन चाळीस पौंडांस गहाण पडली, ती पुन्हां घरांत आली नाहीं. विल्यम त्या वेळीं चौदा वर्षांचा होता. ज्या बापाला लाल झगा घालून मिरवतांना पाहिलें, तोच आतां सभेच्या दिवशीं घरांत बसून राहतो, हें त्या वयाच्या मुलाच्या ध्यानीं आल्यावांचून कसें राहील?

१५९२ सालीं देवळांत न येणाऱ्या लोकांची एक यादी सरकारसाठीं तयार झाली. जॉनसह नऊ जणांच्या नांवांपुढें, कर्जाबद्दल पकडले जाऊं या भीतीनें हे येत नाहींत, असें कारण दिलेलें आहे. वूड यांच्यासारख्या अभ्यासकांचा कल असा कीं, कर्ज ही सबब असून मनांतून हें घराणें जुन्याच पंथाचें होतें. तर्क आकर्षक आहे, पण पुरावा त्याच्याइतका भक्कम नाहीं. गहाणखत मात्र डोळ्यांपुढें आहे, आणि लहान गांवांत सावकाराला चुकविणाऱ्याची अवस्था कोणासहि समजेल. गमतीची गोष्ट ही कीं, त्याच यादींत फ्लुएलन आणि बार्डोल्फ या आडनांवांचे दोन गृहस्थ आहेत. ‘पांचवा हेन्री’ नाटक वाचणाऱ्यांस हीं नांवें ओळखीचीं वाटतील.

इकडे मुलगा लंडनला जाऊन नट व नाटककार म्हणून नांवारूपास आला होता. ११ ऑगस्ट १५९६ रोजीं त्याचा एकुलता एक मुलगा हॅम्नेट, अवघा अकरा वर्षांचा, स्ट्रॅटफर्डला पुरला गेला. त्यानंतर दहा आठवड्यांनीं, २० ऑक्टोबरला, जॉन शेक्सपिअरला कुलचिन्ह धारण करण्याचा अधिकार देणाऱ्या पत्राचा मसुदा झाला. बापानें सुमारें वीस वर्षांपूर्वीं यासाठीं खटपट केली होती, ती अर्धवट राहिली होती. आतां अर्ज बापाच्या नांवें, पण पैसा मुलाचा असावा, असें बहुतेक अभ्यासक मानतात. पिढ्यान् पिढ्या चालावयाचें तें चिन्ह हातीं आलें, तेव्हां तें पुढें नेणारा मुलगाच उरला नव्हता! दुसऱ्या वर्षीं कवीनें स्ट्रॅटफर्डमधील न्यू प्लेस हा मोठा वाडा विकत घेतला. एक गल्ली ओलांडली कीं समोर तेंच गिल्ड चॅपेल होतें.

८ सप्टेंबर १६०१ रोजीं जॉनचें दफन झालें. लगेच १६०२ सालीं राल्फ ब्रुक या अधिकाऱ्यानें तक्रार केली कीं, हलक्या लोकांना कुलचिन्हें वांटलीं जात आहेत. त्याच्या यादींत शेक्सपिअरचें नांव होतें. ज्यांच्या हातून हें काम झालें होतें, त्या डेथिक व कॅम्डेन यांनीं उत्तर दिलें: हा गृहस्थ स्ट्रॅटफर्डचा न्यायाधिकारी होता व आर्डनच्या वारसकन्येशीं त्याचा विवाह झाला होता. लंडनमध्यें गाजत असलेल्या नाटकांचा त्या उत्तरांत उल्लेखहि नाहीं.