बाहीवरचा इतिहास

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. आज ज्या साधनाविषयी बोलायचे आहे ते जेमतेम दोन-अडीच इंचांचे. एखाद्या घरी ट्रंकेच्या तळाशी, जुन्या खाकी सदऱ्यावर ते अजून असेल. स्काऊटच्या मेळाव्यात आठवण म्हणून मिळणारा कापडी बिल्ला, हेच ते साधन.

या बिल्ल्याचे मूळ 1907 च्या ऑगस्टमध्ये सापडते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ ब्राऊनसी नावाचे बेट आहे. बेडन-पॉवेल यांनी तिथे वीसेक मुलांचे शिबिर भरवले. काही बड्या शाळांतली, काही कामकऱ्यांच्या घरची. मुलांचे चार संघ पाडले, प्रत्येक संघाला खांद्यावर लावायला एकेका रंगाची लोकर दिली आणि मुलांना कमळासारखा पितळी बिल्ला दिला. बोलण्यावरून कोण कुठल्या घरचा ते कळत असेलच; पण खांद्यावरची लोकर फक्त एवढेच सांगे, की हा अमुक संघाचा.

पुढे 1919 साली लंडनजवळचे गिलवेल पार्क स्काऊट-शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी मिळाले. ते ज्यांच्या देणगीतून घेतले, त्या मॅक्लॅरेन यांच्या स्कॉटिश घराण्याच्या चौकड्यांच्या कापडाचा एक तुकडा गिलवेलच्या गळपट्ट्यावर शिवला जाऊ लागला. आपल्याकडे देणगीदाराचे नाव फरशीवर कोरतात. इथे ते कापडावर टाके घालून जपले गेले.

आता आपल्या देशाकडे वळू. स्काऊट चळवळ हिंदुस्थानात 1909 साली बंगळूरला आली. पण ती गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी! आपल्या मुलांना तिचे दार बंद. म्हणून मग मद्रासेत ॲनी बेझंटबाईंनी आणि अलाहाबादेत पंडित मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम वाजपेयी यांनी स्वतंत्र संघटना उभारल्या. काही काळाने ते दार उघडले, तरी मने जुळली नाहीत. 1937 साली भारतीयांच्या चारित्र्याविषयी बेडन-पॉवेल यांनी काढलेले उद्गार लोकांना झोंबले, आणि 1938 मध्ये हिंदुस्थान स्काऊट संघटना निघाली. म्हणजे सेवेचे व्रत एकच, पण छातीवरचे बिल्ले निरनिराळे. स्वातंत्र्यानंतर, 7 नोव्हेंबर 1950 रोजी या संघटना 'भारत स्काऊट्स अँड गाईड्स' या नावाने एक झाल्या. 15 ऑगस्ट 1951 रोजी गाईड मुलीही त्यात आल्या. नव्या चिन्हात स्काऊटचे कमळ, गाईडची त्रिदळी पाने आणि मधोमध अशोकचक्र. एवढ्याशा कापडावर हा केवढा मोठा तहनामा!

आणि आता आपल्या गोंदियाकडे पाहा. आपल्या भागाची सत्ता आणि नावे किती वेळा बदलली! मध्य प्रांत-वऱ्हाड, 1950 पासून मध्य प्रदेश, 1 नोव्हेंबर 1956 पासून द्विभाषिक मुंबई राज्य, 1 मे 1960 पासून महाराष्ट्र. इतकी वर्षे आपण भंडारा जिल्ह्यातच होतो. गोंदिया जिल्हा झाला तो 1 मे 1999 रोजी. तेव्हा 1999 पूर्वीच्या जिल्हा मेळाव्याच्या बिल्ल्यावर 'गोंदिया जिल्हा' शोधू नका. तो भंडाऱ्याच्याच नावाखाली सापडायचा. रेल्वेचेही तसेच. रेल्वेतल्या स्काऊट पथकांना संघटनेत राज्याचा दर्जा आहे. बंगाल-नागपूर रेल्वे 1952 साली पूर्व रेल्वेत गेली, 1955 मध्ये आपली लाइन दक्षिण पूर्व रेल्वेत आली, 2003 पासून ती दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत आहे. म्हणजे एकाच आळीत राहणाऱ्या दोन मुलांपैकी जिल्हा परिषदेच्या शाळेतला महाराष्ट्राचा आणि रेल्वेच्या पथकातला रेल्वेचा स्काऊट! तारीख पुसलेल्या बिल्ल्यावरचे नुसते नाव वाचले, तरी तो कोणत्या काळातला हे बरेचसे सांगता येते.

मात्र एक सावधगिरी हवी. जांबोरीत मुले एकमेकांशी बिल्ल्यांची अदलाबदल करतात. 1953 ची हैदराबादची पहिली राष्ट्रीय जांबोरी घ्या, की राजस्थानात रोहट येथे 2023 च्या जानेवारीत भरलेली अठरावी घ्या, आसामचा बिल्ला आपल्या मुलाकडे येतो, आपला केरळला जातो. म्हणून बिल्ला सापडला, एवढ्यावरून मालक तिथे गेला होता असे ठरत नाही. तो कुणी, कुठे, कोणाकडून घेतला, हे कळले तरच तो बोलका होतो. नाहीतर तो नुसता कापडाचा तुकडा.

आणि हे कळणार कसे? ज्यांना ते ठाऊक आहे ती माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. सदरा फाटतो, पोतेरे होते, ट्रंक भंगारात जाते. म्हणून सांगणे एवढेच: घरात असा बिल्ला असेल तर तो उसवून टाकू नका. आजोबांजवळ बसा, विचारा, आणि एका चिठ्ठीवर नाव, शाळा, गाव, साल लिहून ती त्याच्यासोबत ठेवा. शाळांनी वर्षातून एक दिवस अशा चिठ्ठ्या गोळा केल्या, तर ज्या गावांचे नाव कोणत्याही दप्तरात ठळकपणे येत नाही, तिथल्या मुलांचा इतिहास हाती लागेल. स्काऊटची मुले 'खरी कमाई' म्हणून घरोघर कामे करतात. त्यांच्यासाठी याहून चांगले काम कोणते?